नवतप्यातली पहाट

“काऊन वं माय, शाळेले तं सुट्या लागल्या ना? मंग इतक्या पायटी कुठी निघाली?”

शेजारच्या आजींचा हा प्रश्न २०२४ सालच्या मे महिन्यातला. त्या अंगणात खाट टाकून झोपतात आणि चार वाजताच जाग्या होतात. मी पायात कॅनव्हासचे बूट चढवून, फाटकाची कडी आवाज न करता काढत होते, आणि चोर पकडावा तशा त्यांनी मला पकडलं. “फिरायला जाते आजी,” म्हटलं, तर म्हणाल्या, “हिवाळ्यात फिरा ना बाप्पा. उनाळ्यात कोनी फिरते काय?”

आजींचं चुकलं नव्हतं. आमच्या अमरावतीत दिवाळीनंतर फिरायला जाणाऱ्यांची नुसती झुंबड असते. स्वेटर, कानटोप्या, नवे बूट, मैत्रिणींचे घोळके. होळी झाली की हे सगळं ओसरतं आणि मे महिन्यात तर ‘आता पावसाळ्यानंतर बघू’ असं म्हणून बूट माळ्यावर जातात. मीही पाच-सहा वर्षं असंच करत होते. पण त्या वर्षी मला वाटायला लागलं की उरलेलं वर्षभर एकवेळ फिरलं नाही तरी चालेल, मे महिन्यात मात्र बाहेर पडायलाच हवं. कारण वऱ्हाडातला मे म्हणजे बाईसाठी घरातली कोठडी असते. सकाळी नऊला खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, कूलर सुरू करायचा, आणि संध्याकाळी सातपर्यंत त्याच्या घरघरीत बसायचं. मुलं चिडचिडी, वरण सकाळचं दुपारी आंबतं, नळाला दुपारी उकळतं पाणी. या चोवीस तासांत खिडकी उघडून श्वास घ्यावा असा वेळ किती असतो? मोजून तास-दीड तास. तोही पहाटेचा.

आणि गंमत अशी की नेमका तोच तास घराला आपल्याकडून सगळ्यात जास्त हवा असतो. नळ तेव्हाच येतो. सकाळची पोळीभाजी ओट्याचं तवं होण्याआधी तेव्हाच उरकायची. पापड, कुरोड्या, खारोड्या तेव्हाच घालायच्या. फिरायला जायचं म्हणजे पहिली तडजोड उन्हाशी नसते, घराशी असते. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. ह्यांना मी सरळ सांगितलं, “पाण्याच्या दिवशी टाकी तुम्ही भरायची.” ह्यांनी पेपराच्या आडून विचारलं, “आणि चहा?” म्हटलं, “तोही.” दोन दिवस घरात जरा शांतता होती. तिसऱ्या दिवशी टाकी भरलेली होती, आणि अंगणातून पाणी रस्त्यावर वाहत होतं. असो. वाहू दे म्हटलं, शिकतील.

आता या दिवसांतल्या उन्हाबद्दल थोडं सांगते. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तो साधारण २५ मेला, आणि तिथून पुढचे नऊ दिवस म्हणजे आपला नवतपा. पंचांगातलं हे गणित मी लहानपणी नुसतंच ऐकलं होतं. पुढे शाळेत भूगोल शिकवताना लक्षात आलं की जवळपास याच दिवसांत, अकोल्याला २३-२४ मेला आणि अमरावतीला एखाद्या दिवसाने पुढे, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली त्या क्षणी काठीच्या पायाशीच गडप होते. मुलींना मी अंगणात वरवंटा उभा करून ते दाखवलं. धाकटी म्हणाली, “आई, सावलीसुद्धा सावलीत गेली.”

अशा दिवसांत सर्वात थंड वेळ कोणती? बऱ्याच जणींना वाटतं मध्यरात्र. तसं नाही. दिवसभर तापलेली जमीन, रस्ता, घराचा स्लॅब रात्रभर उष्णता बाहेर टाकत असतो, आणि ती टाकून टाकून सगळ्यात निवलेला असतो तो सूर्य उगवण्याच्या जरा आधी. आपल्याकडे मेअखेरीला सूर्योदय पावणेसहाच्या आसपास होतो. सव्वापाचला झुंजूमुंजू होतं. म्हणून पाचला घर सोडायचं आणि सव्वासहाला परत उंबऱ्यात यायचं, हे माझं वेळापत्रक. ‘थंड’ म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. नवतप्यात पहाटेही पारा कितीदा २८-३० अंशांखाली उतरत नाही. पण आदल्या दुपारी ४४ सोसलेल्या कातडीला त्यातही गारवा सापडतो.

माझा रस्ता कॅम्पातून चपराशीपुऱ्यामार्गे वडाळी तलावाकडे. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात गुलमोहर पेटलेले असतात, पण पहाटेच्या अंधुक उजेडात तांबडा रंग काळाच दिसतो. दिसतो तो बहावा. त्याचे पिवळे घोस दिवा लावल्यासारखे आधी उजळतात. कडुनिंबाखालून जाताना पायाखाली लिंबोळ्या चिरडतात आणि तो कडवट-गोड वास येतो. दयाळ पक्षी कुठल्यातरी तारेवर बसून शीळ घालत असतो, आणि मेच्या अखेरीला एखाद्या दिवशी पावशाची ‘पेर्ते व्हा’ ऐकू आली की उगाचच आकाशाकडे बघितलं जातं.

या वेळी रस्त्यावर कोण असतं हे मला आधी माहीतच नव्हतं. झाडू मारणाऱ्या बायका असतात. आपण झोपेत असताना त्यांचा अर्धा रस्ता झालेला असतो. उन्हाच्या आधी काम संपवायची घाई त्यांना आपल्यापेक्षा जास्त. संत गाडगेबाबांची समाधी आमच्या अमरावतीतच आहे. खराटा हातात घेतलेली त्यांची तसबीर घरोघरी दिसते, पण पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईला कुणी पाण्याचा पेला विचारत नाही. दूधवाले असतात, पेपर टाकणारी पोरं असतात. आणि असतात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली. खेड्यांतून खोली करून राहिलेल्या, सलवारीवर भावाचा टी-शर्ट घातलेल्या, धापा टाकत पळणाऱ्या. १९१४ साली सुरू झालेलं आपलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात आहे, तिथं व्यायामाचं अप्रूप नसावं. पण या मुलींना पळताना बघून मला प्रत्येक वेळी माझीच पाठ ताठ करावीशी वाटते.

वडाळी तलाव इंग्रजांच्या काळातला, शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला. तशीच आपली छत्री तलावाचीही गोष्ट. आता पिण्याचं पाणी अप्पर वर्धा धरणातून येतं आणि हे तलाव फिरण्यापुरते उरले. मेमध्ये वडाळीचं पाणी आत आत सरकतं, काठाची माती भेगाळते, बगळे मात्र त्या चिखलात खूश. बांधावर उभं राहिलं की पोहऱ्याच्या जंगलाकडून एक झुळूक येते. तेवढ्यासाठी मी जाते. हेच जंगल जवळ असल्यानं या बाजूला कधीमधी बिबट्याही दिसतो, म्हणून अगदी अंधारात एकटीनं तलावाच्या मागच्या बाजूला जात नाही. मालटेकडीही चांगली, वर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे आणि सगळं शहर दिसतं. पण तिचे दगड रात्रभर तापलेलेच राहतात असा माझा अनुभव, आणि चढताना दम लागतो. मेमध्ये सपाट रस्ता बरा.

खरं सांगायचं तर बिबट्यापेक्षा मला कुत्र्यांची भीती जास्त. हातात छत्रीची काठी ठेवते. गळ्यातलं लांब मंगळसूत्र घरी ठेवून काळ्या मण्यांची छोटी पोत घालते. यावर सासूबाई पहिल्यांदा काहीतरी पुटपुटल्या होत्या. पुढच्या गल्लीतल्या एका बाईची साखळी मोटारसायकलवाल्यांनी ओढल्यावर त्यांनीच मला पोत काढून दिली.

एक दिवस माझी फजिती झाली, ती सांगायला हवी. आदल्या रात्री लग्नाहून उशिरा आलो होतो, त्यामुळे उठले साडेसहाला. एक दिवस चुकायला नको म्हणून हट्टानं सात वाजता निघाले, आणि परत यायला साडेआठ झाले. नुसता चहा पोटात. ऊन फार वाटलं नाही, घामही दिसला नाही. घरी आल्यावर डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, आणि दुपारपर्यंत पडून राहिले. नंतर विचार केला तेव्हा कळलं. आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा लगेच उडतो. अंग कोरडंच राहतं, म्हणून पाणी गेलेलं समजत नाही. मुंबईच्या जावेला घाम पुसताना तरी कळतं, आपल्याला तेही नाही. तेव्हापासून निघण्याआधी पेलाभर पाणी, आल्यावर चिमूटभर मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी नाहीतर ताक, आणि मग अर्ध्या तासानं चहा. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाचं आपल्या डॉक्टरांना विचारावं. पांढरं किंवा फिकट सुती कापड, कानावरून घेतलेली ओढणी, आणि चाल आपली हिवाळ्यातल्यापेक्षा हळू. सूर्य झाडाच्या शेंड्यावर आला की परत फिरायचं, मग चक्कर अर्धी राहिली तरी. आणि उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तव्यासारखं तापलं, तर पन्हं-कांदा करत बसू नये. सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत सरळ दवाखाना गाठावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

हे शेवटचं मी अकोल्याला शिकले. म्हणजे आईमुळे.

माझं माहेर अकोल्याचं. अमरावतीकर उन्हाची तक्रार करायला लागले की अकोलेकर हसतात. त्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता, आणि महिन्याच्या शेवटी तिथं चक्क कलम १४४ लागू झालं. दंगल नव्हे, ऊन म्हणून. कामगारांना पाणी आणि सावली द्या, खासगी शिकवण्या दुपारच्या उन्हात घेऊ नका, असे आदेश निघाले. तर त्याच्या आधीच, एप्रिलात, आईला गच्चीवर चक्कर आली होती. कुरोड्या घालत होती. वहिनी खाली चीक ढवळत होती, तिला वाटलं आई वर आहे, आईला वाटलं आता दोनच ताटं उरली. दहा वाजून गेले होते. वहिनी वर गेली तर आई साडीवर वाळत घातलेल्या कुरोड्यांशेजारी बसलेली, आणि वहिनीला माझ्या नावानं हाक मारून ‘शाळेत नाई गेली काय’ विचारत होती. नशीब, वहिनीनं बादलीभर पाणी तिथंच डोक्यावर ओतलं आणि रिक्षा बोलावली. दोन दिवस सलाईन लागलं. त्याच वेळी साखरही वाढलेली निघाली. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं.

मी मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुलींना घेऊन गेले ती हेच मनात ठरवून. अमरावती-अकोला हा रस्ता आता गुळगुळीत झाला आहे. याच रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून काढला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सगळे त्या विक्रमाचं कौतुक करतात. मला मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, दिवसरात्र गरम डांबरापाशी उभ्या राहिलेल्या माणसांची आठवण होते. मूर्तिजापूर गेलं की दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं दिसतात. ही काळी माती ऊन नुसती पिते.

पहिल्या रात्री आईला म्हटलं, “उद्या पाचला निघू.”

“मले काय कराचं हाय फिरून? दिवसभर घरात फिरतोच ना मी,” आई म्हणाली. नंतर, “उद्या नळाचा दिवस हाय.” अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं आणि उन्हाळ्यात काही दिवसांच्या खंडानं मिळतं. त्या परिसरातल्या कितीतरी गावांची जमीन खारपाणपट्ट्यातली, विहिरी-बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यामुळे नळाचा दिवस म्हणजे घरातला सण आणि सुतक दोन्ही. पहाटे उठून टिल्लू पंप लावायचा, टाकी, ड्रम, माठ, कळशा, सगळं भरायचं. आणि हे काम माझ्या लग्नाआधीपासून आईचं. दादाला झोपेतून उठवायचं तिच्या डोक्यातच येत नाही.

मी दादाशी बोलले. जरा जास्तच बोलले. तो म्हणाला, “मी दुकानातून दहाला येतो, मला झोप नको?” मी म्हटलं, “आई रात्री अकराला ओटा पुसते, तिला नको?” वहिनी भाजी निवडत होती, तिनं मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय देव जाणे. रात्री जेवणं तशीच गप्प झाली. आईच मला स्वयंपाकघरात येऊन रागावली, “चार दिवसासाठी येतं अन् भांडन लावून जातं.” मला रडू आलं. मी काय आईच्या वाईटावर होते?

पहाटे पावणेपाचला मी उठले तेव्हा अंगणात दिवा होता. दादा लुंगी खोचून पाईप जोडत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “गाडीची चावी फ्रिजवर आहे.”

दुचाकीवर आईला मागं बसवून मी कृषी विद्यापीठात नेलं. १९६९ साली स्थापन झालेल्या आणि पंजाबराव देशमुखांचं नाव असलेल्या या विद्यापीठाचा परिसर म्हणजे अकोलेकरांची फुप्फुसं. नेहरू पार्क चौकातली भट्टी मागं टाकून आत शिरलं की हवा दोन अंशांनी उतरल्यासारखी वाटते. लांबच लांब रस्ते, दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, पलीकडे प्रयोगाची शेतं. आईनं साडी, त्यावर माझी पांढरी ओढणी कानाभोवती, आणि पायात दादाच्या मुलाचे बूट घातले होते. पहिली दहा मिनिटं तिला त्या बुटांचीच लाज वाटत होती. समोरून तिच्याच वयाच्या तिघी बायका आल्या, एकीच्या पायात पांढरे, दोघींच्या निळे बूट. मग आईनं साडीचा काठ जरा वर धरला.

ती हळू चालत होती आणि मी बोलत होते. मास्तरीण ना मी, राहवत नाही. पहाटे हवा का निवते, पक्षी कोणते, सगळं सांगत होते. आई थांबली. म्हणाली, “पायट काय मले नवी हाय? चाळीस वर्ष पायली मी. पन गच्चीवरून.”

मी गप्प झाले. खरंच की. चीक शिजवायला ती साडेतीनला उठायची. आम्ही भावंडं गच्चीवर गाद्या टाकून झोपलेलो असायचो आणि आमच्या उशापायथ्याशी ती सोऱ्यानं कुरोड्या घालायची, आम्हाला ऊन लागू नये म्हणून आमच्यावर ओली चादर टाकायची. शुक्र कुठं उगवतो, वारा कोणत्या दिवशी बदलतो, बगळे किती वाजता नदीकडे जातात, हे तिला माहीत होतं. मला पुस्तकातून कळलं होतं. तिनंच मग मला सांगितलं, “मोरनेकडून वारा आला का समजाचं, आठ दिवसात आभाळ येते.”

पुढे आम्ही रोज गेलो. नवतप्यातले पहिले चार दिवस तर मी मुद्दाम थांबले. तिसऱ्या दिवशी आईनं वाटेतल्या एका चिंचेखालच्या कट्ट्यावर त्या बूटवाल्या बायकांशी ओळख काढली. एक तिच्या माहेरच्या गावाशेजारची निघाली. मग माझं काय काम? मी दहा पावलं मागं राहायची आणि त्या चौघी पापडाच्या खारापासून सुनांपर्यंत बोलत चालायच्या. पावणेसहाला झाडांमागून सूर्य वर आला की एकजण म्हणायची, “चला बाप्पा, आला तो,” आणि सगळ्या एकदम वळायच्या. नको असलेला पाहुणा आल्यासारख्या.

कुरोड्यांचं मात्र आईनं ऐकलं नाही. दोन पायल्या गव्हाच्या भिजत घातलेल्याच होत्या. मग असं ठरलं की चीक रात्री शिजवायचा नाही, पहाटेच, पण फिरायला न जायच्या दिवशी, आणि आठच्या आत गच्ची सोडायची. उरलेलं घरात पंख्याखाली. घरात वाळलेल्या कुरोड्या तळल्यावर फुलत नाहीत असं आईचं ठाम मत आहे. फुलल्या. तरी तिचं मत तेच आहे.

२९ मेला मी अमरावतीला परत आले. दुसऱ्या दिवशी वडाळीहून येऊन ताक ओतून घेत होते, ह्यांचा चहा चुलीवर उतू जात होता, आणि फोन वाजला. आईचा आवाज. धापा टाकत होती, मला जरा धसका बसला.

“काय गं, काय झालं?”

“काई नाई. आज नळ आला होता म्हने. मले काई माईत नाई, मी फिराले गेली होती.”